पौषातील काळी-पांढरी छायाचित्रे

बेळगाव, शहापूर, चिकोडी, निपाणी या भागातील जुन्या घरांतून जे कौटुंबिक आल्बम अद्याप टिकून आहेत, ते चाळू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. घरातील सारी माणसे एकत्र बसवून काढलेली चित्रे बहुधा थंडीच्या दिवसांतील असतात. वडीलधाऱ्यांच्या खांद्यांवर शाली, लहानांच्या डोक्यांवर कानटोप्या, अंगणातील तुळशीवृंदावनाची लांबट तिरपी सावली, आणि मध्यभागी काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने लेवून बसलेली घरची नवी सून, हा त्या चित्रांचा ठरीव थाट. श्रावण-भाद्रपदातील चित्र शोधूनही क्वचितच सापडते. वैशाखातील आहेत, पण ती लग्नमंडपातील. त्यांत पाहुण्यांचीच गर्दी अधिक.

ही चित्रे काळी-पांढरी आहेत, याचे कोणास नवल वाटत नाही. त्या काळी दुसरे होते काय, असेच आपण म्हणतो. परंतु अलीकडे याच घरांतील नातवंडे-पतवंडे, ज्यांच्या हातातील यंत्रात लक्षावधी रंग उतरतात, ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आणि बोरन्हाणाची छायाचित्रे मुद्दाम कृष्णधवल करून घेऊ लागली आहेत. कोणी म्हणतात ही नुसती टूम आहे. टूम असेलही. पण आजोबांच्या काळी जे निरुपायाने होते ते आज आवडीने निवडले जात असेल, तर त्या काळ्या-पांढऱ्यात काय राखले गेले आणि काय झाकले गेले, हे निवडणाऱ्यास ठाऊक असलेले बरे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

छायाचित्रणाची विद्या पॅरिस येथे १८३९ साली जाहीर झाली आणि फार विलंब न लावता ती मुंबईस पोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या एतद्देशीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, हे आपल्या वाचकांना विशेष वाटावे. कारण मूळचे गोव्यातील पेडणे महालाचे असलेले सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू. वैद्यकी आणि छायाचित्रण या दोन्ही विद्या त्यांनी सारख्याच हौसेने हाताळल्या.

आपल्या भागात मात्र कॅमेरा आला तो माणसांसाठी नव्हे, देवळांसाठी. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांस दक्षिणेतील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. पुढे डॉ. पिगू आणि डॉ. नील यांनी ते काम चालविले आणि धारवाड व म्हैसूर प्रांतांतील मंदिरांचा मोठा चित्रग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जेम्स बर्जेस यांनी पुराणवस्तू खात्याच्या पहिल्या मोहिमेसाठी बेळगाव व कलादगी हेच जिल्हे निवडले. बेळगावच्या किल्ल्यातील जैन बस्तीची नोंद या मोहिमेच्या अहवालात आहे. मोहिमेचा काळ अहवालाच्या नावातच दिला आहे: जानेवारी ते मे १८७४. पाऊस ओसरून वाटा सुकल्या, आकाश निवळले, की काचा आणि रसायने बैलगाडीत घालून निघावयाचे आणि मृगाच्या आत परतावयाचे, हा क्रम तेव्हापासून पडला. घरगुती छायाचित्रांचे पंचांगही पुढे बरेचसे याच क्रमाने चालले.

माणसांची छायाचित्रे काढून देणारी दुकाने आली ती कँपात, म्हणजे लष्करी छावणीत, आणि तिच्या आसपास. गोऱ्या अंमलदारांना मायदेशी पाठविण्यास चित्रे हवी असत. मग वकील, मामलेदार, सावकार यांना ती हवीशी वाटू लागली. आणि पुढे पलटणीत भरती झालेल्या खेड्यापाड्यांतील मराठा जवानांनाही. अशा दुकानांपैकी एकाची साक्ष साऱ्या हिंदुस्थानाच्या परिचयाची आहे. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावास आले. प्रथम ते श्री. भाटे वकिलांकडे उतरले आणि नंतर हरिपद मित्र या वनखात्यातील बंगाली अधिकाऱ्याच्या घरी राहिले. स्वामींचे छायाचित्र असावे अशी हरिपदबाबूंची फार इच्छा. स्वामी सहजासहजी कबूल होईनात. आणि बऱ्याच आग्रहानंतर ते चित्र निघाले, अशी हकीकत हरिपदबाबूंनीच आपल्या आठवणींत दिली आहे. ज्या दुकानाने ते काढले त्याचे नाव ‘एस. महादेव अँड सन, बेळगाव’. या नावातील ‘अँड सन’ हे दोन शब्द इतिहासाच्या दृष्टीने लहान नाहीत. १८९२ साली बेळगावात बापाच्या हाताखाली मुलगा या धंद्यात शिरलेला होता, एवढे त्यांवरून निश्चित कळते. शिकागोस जाण्यापूर्वीचा तो परिव्राजक, त्याची भगवी छाटी, आणि त्या चित्रात भगव्याचा लवलेश नाही! तरी ते चित्र पाहून हा संन्यासी नव्हे असे कोणी म्हणालेले ऐकिवात नाही.

रंगावाचून पूज्यता अडत नाही, याचा अनुभव आपल्या देवघरांनाही आहे. बाळेकुंद्रीचे पंतमहाराज १९०५ मध्ये समाधिस्थ झाले; त्यांची काळी-पांढरी तसबीर या भागातील कितीतरी घरांत रोज फुले घेते. गर्भगृहातील मूर्तीचे छायाचित्र घेऊ न देणारी घरेही गुरूच्या छायाचित्राला गंध लावतात. हा भेद तर्काने सुटावयाचा नाही; पण आहे खरा.

असो. आता थंडीकडे वळू.

त्या काळच्या छायाचित्राला दोन गोष्टी हव्या असत: उजेड आणि गार पाणी. वीज घरोघरी येण्यापूर्वी दुकानाच्या छपराची उत्तरेकडील बाजू काचेची ठेवीत आणि त्यातून येणारा सौम्य उजेड पडद्यांनी कमीअधिक करीत. बेळगावचा पावसाळा वाचकांना सांगावयास नको. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. त्या उजेडात मूल काही क्षणसुद्धा स्थिर बसत नसे आणि चित्र पुसट उतरे. उलट मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडे कललेला, ऊन कोवळे आणि तिरपे, हवा स्वच्छ. सकाळी नऊचा उजेड ओसरीवरच्या माणसांच्या तोंडावर सरळ येतो आणि डोळे मिचकावण्याची पाळी येत नाही.

गार पाण्याचे कारण फारसे कोणी ध्यानात घेत नाही, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचांची रीत सुचविली आणि पुढील वीस वर्षांत ती सर्वत्र रूढ झाली. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेला सरस. (हे कळते तर सोवळ्यातील पुष्कळ मंडळींनी आपली तसबीर काढू दिली असती काय, हा प्रश्नच आहे.) या सरसात रुप्याचे क्षार कालवून त्याचा थर काचेवर देत. चित्र ‘धुवावयाचे’ म्हणजे हा थर एकामागून एक तीन-चार द्रवांत बुडवावयाचा. ते द्रव ६५ ते ६८ अंश फॅरनहाइट इतके थंड असावेत, असा विलायती पुस्तकांतील दंडक. आपल्याकडे चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणीही याहून पुष्कळ गरम. अशा पाण्यात सरस फुगतो, काचेच्या कडेपासून सुटतो आणि कोणाच्या तरी चेहऱ्यावर सुरकुत्या पाडून ठेवतो. म्हणून उन्हाळ्यात छायाचित्रकार तुरटीचा उपयोग करीत किंवा रात्री उशिरा काम करीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंच. तेथील पौषातल्या पहाटेचे पाणी मात्र आपसूकच पुस्तकात सांगितल्यासारखे असे. बर्फ नको, तुरटी नको.

आता संक्रांतीच्या हलव्याचे पाहा. खसखशीवर किंवा तिळावर साखरेचा पाक थेंब थेंब सोडीत, मंद शेगडीवरच्या परातीत बोटांनी तो तासन्‌तास फिरवीत बसावे लागते, तेव्हा कुठे एकेक दाणा काट्याने फुलतो. दमट हवेत काटा बसत नाही. कोरडी थंडी हवी. ज्या हवेत हलवा फुलतो त्याच हवेत छायाचित्र निर्दोष धुतले जाते. घरच्या बायका माजघरात जे करीत होत्या आणि छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत जे करीत होता, ती दोन्ही कामे एकाच पौषावर अवलंबून होती. निपाणीकडे याला आणखी एका गोष्टीची जोड मिळे. तेथील तंबाखूचे पीक याच सुमारास शेतातून निघावयास लागते. पेठेत वर्दळ वाढते, चार पैसे हाती येण्याची आशा असते, आणि गावोगावची माणसे निपाणीत उतरतात. गावी फोटोवाला नसलेल्यांना ती संधी होती.

गोव्यातून घाट चढून बेळगावात स्थायिक झालेल्या सारस्वत घरांची गोष्ट थोडी निराळी. घरात कोंकणी, पेठेत मराठी आणि कचेरीत कानडी अशी त्यांची तिपेडी राहणी. नव्या सुनेच्या माहेरचे खरे कौतुक त्यांच्याकडे चवथीला. चवथीचे वजें हा त्यांचा मानाचा सोहळा. पण चवथ पडली भाद्रपदात, भर पावसात. तिची छायाचित्रे जवळजवळ नाहीतच. हलव्याचे दागिने हा देशावरच्या शेजाऱ्यांचा कुळाचार, तो या घरांनी हौसेने उचलला आणि आल्बमात तोच दिसतो. पुढील पिढीतील एखाद्याने केवळ आल्बमावरून कुळाचार ठरवू म्हटले, तर आमच्या पूर्वजांना संक्रांत ठाऊक होती, चवथ नव्हती, असे काहीतरी विपरीत अनुमान त्याच्या पदरी पडेल! छायाचित्र खोटे बोलत नाही म्हणतात. पण पावसाने त्याला पुष्कळ गोष्टी बोलूच दिल्या नाहीत.

रंगाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जुन्या काचांना निळा रंग तेवढा नीट दिसे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन पंडिताने त्यांना हिरवा-पिवळा दाखविण्याची युक्ती काढली. परंतु लाल रंगाला त्या आंधळ्याच राहिल्या. लालासकट सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि गावोगावच्या दुकानांत जुन्या लाल-आंधळ्या काचा त्यानंतरही बरीच वर्षे चालल्या. अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काम करता येई ते याच अंधत्वामुळे. ज्या कारणाने तो दिवा काचेला दिसत नसे, त्याच कारणाने कुंकू चित्रात काळे उमटे. आपल्या पणज्यांच्या कपाळी जो ठसठशीत काळा टिळा दिसतो, तो काळा नव्हे. तो हळदीचे केलेले लालभडक कुंकू आहे. अंगावरचे फिकट निळे लुगडे अशा काचेवर पांढरेशुभ्र होई, आणि इलकलीचा तो तांबडा पदर शाईसारखा काळा.

आता हे ध्यानात ठेवून संक्रांतीचे चित्र पाहावे. चंद्रकळा मुळातच काळी. तिचे काठ तांबडे असले तरी तेही चित्रात काळेच. त्यावर पांढरा हलवा: बिंदी, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बांगड्या, जोडवी. वर्षभर अशुभ म्हणून वर्ज्य केलेला काळा रंग या एका सणाला चालतो, कारण तो ऊन धरून ठेवतो आणि थंडीत ऊब देतो. बाकी कोणत्याही सणाचे चित्र काळ्या-पांढऱ्यात काही ना काही गमावते. दसऱ्याची सोनेरी शेवंती राखी होते, रंगपंचमीचे तर बोलावयासच नको. संक्रांतीचे चित्र गमावते ते फार थोडे. त्या सणाची शोभाच काळ्यावर पांढरी आहे, आणि छायाचित्राला तेवढेच साधते. बोरन्हाणातले मूल, त्याचे काळे झबले, डोक्यावरचा हलव्याचा मुकुट, आणि भोवती उडणारे चुरमुरे, ज्यांच्या जागी चित्रात नुसत्या पांढऱ्या रेघा उमटतात. हे सारे रंगीत चित्रात पाहिले म्हणजे पाठीमागची निळी प्लास्टिकची बादलीच प्रथम डोळ्यांत भरते.

येथवर सारे गोड झाले. परंतु त्याच काळ्या रंगात दुसरेही कोणी उभे आहे. निपाणीतील एका घरी असे एक चित्र पाहण्यात आले. ओसरीवर चौदा माणसे. मध्ये खुर्चीवर हलव्याने मढलेली सून. आणि डाव्या टोकाला, खांबाच्या आड, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एक प्रौढ स्त्री. अर्धे अंग खांबाने झाकलेले, हात पदरात. तिचे वस्त्र सुनेच्या चंद्रकळेइतकेच काळे दिसते. पण ती चंद्रकळा नव्हे. ते आलवण आहे. केशवपन झालेल्या विधवांना जे तांबडे आलवण नेसावे लागे, तेही त्या लाल-आंधळ्या काचेवर काळेच उतरले. नववधूचा काळा आणि विधवेचा तांबडा, ज्यांत समाजाने जमीन-अस्मानाचे अंतर ठेवले होते, ते यंत्राने एकसारखे करून टाकले! फरक उरला तो कपाळाचा आणि जागेचा. घरच्या मंडळींनी चित्रातील तेरा जणांची नावे सांगितली. चौदावीविषयी, ‘असेल कोणी आतेकडची’, एवढेच उत्तर मिळाले.

हळदीकुंकवाच्या समारंभात विधवेने पुढे यावयाचे नाही, हा दंडक होता. चित्र काढवावयाचे तेव्हा कर्त्या पुरुषाने तिला मागे उभे केले की ती स्वतःच आडोशाला गेली, हे आज कळण्यास मार्ग नाही. अशी अर्धी-मुर्धी माणसे पुष्कळ आल्बमांत आहेत. त्यांच्याच हातांनी त्या दिवशीचा तिळगूळ झाला असेल. पहाटे उठून परातीत हलवा फिरविणारीही बहुधा तीच, कारण मोकळा वेळ आणि सोशिक बोटे घरात तिच्याचपाशी असत. आमच्या समाजाने आपल्या कुलवृत्तांतांतून पुरुषांच्या पिढ्या बारकाईने लिहून ठेवल्या. या बायकांची नोंद राहिली असेल तर ती अशा चित्रांच्या कडेला. म्हणून जुने चित्र नव्याने छापून घेताना त्याच्या कडा ‘नीटस’ करण्याची जी पद्धत आज दिसते, ती मला मुळीच पसंत नाही. ज्यांना खांबाने अर्धे झाकले होते त्यांना कात्रीने पुरते काढून टाकण्यासारखेच ते आहे.

लोकांना रंगाची ओढ नव्हती असे मात्र कोणी समजू नये. काळ्या-पांढऱ्या चित्रावर ब्रशाने रंग भरून देण्याचा धंदा दुकानांतून जोरात चाले. कुंकवाला लाल, दागिन्यांना पिवळा, पडद्याला थोडा हिरवा. कोल्हापूरसारखे चित्रकारांचे माहेरघर निपाणीपासून अवघे पंचवीस मैलांवर. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी तेथेच स्वतःच्या हातांनी चलच्चित्राचा कॅमेरा घडविला. कोल्हापुरातच उभ्या राहिलेल्या प्रभात कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचा घाट घातला. शांताराम बापू त्यासाठी जर्मनीस गेले. पण रंग इतके भडक उतरले की तो प्रयोग फसला. रंग हवा होता, पण तो हाती येत नव्हता. अमेरिकेत कोडॅकची रंगीत फिल्म १९३५ मध्ये निघाली खरी. आपल्याकडे परकीय चलनाची टंचाई, आयातीवर निर्बंध, आणि फिल्म मिळाली तरी ती धुवावयास मुंबईस धाडावी लागे. मध्यमवर्गाच्या हाती आला तो बडोद्यास तयार होणारा ॲग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा. एका रोलात बारा चित्रे. ती दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरवावयाची, त्यामुळे प्रत्येक चित्र विचार करून घेतले जाई. स्वतंत्र भारताने उटकमंड येथे १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापिला आणि १९६७ मध्ये तेथून फिल्म बाहेर पडू लागली. तिला नाव दिले ‘इंदू’. काळ्या आकाशातील पांढऱ्या चंद्राचे हे नाव ज्याने सुचविले त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. तो कारखाना पुढे बंद पडला.

१९७० नंतर रंगीत रोल हळूहळू मिळू लागले आणि १९८० नंतरच्या दशकात रंगीत छपाईची दुकाने बेळगावसारख्या शहरांतून उघडली. मग काळ्या-पांढऱ्याला कोणी विचारीना. पण आज तेच आल्बम शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९३० चे चित्र जसेच्या तसे. १९७५ चे रंगीत चित्र तांबूस होऊन विटलेले. याचे कारण असे की काळ्या-पांढऱ्या चित्रातील काळेपणा म्हणजे खुद्द रुप्याचे सूक्ष्म कण असतात, आणि रंगीत चित्र नुसत्या रंगद्रव्यांचे. त्या काळच्या रंगीत कागदांत निळसर द्रव्य सर्वांआधी उडून जाई, आणि मागे उरे तो तांबडेपणा. रुपे मात्र धातू आहे. देवघरातील रुप्याचे निरांजन गंधकाच्या योगाने काळवंडते, तीच क्रिया छायाचित्रकार मुद्दाम घडवून चित्रास तपकिरी छटा देत, आणि तशी चित्रे तर विशेष टिकली. जेथे हायपो हे रसायन नीट धुवून काढण्याचा कंटाळा केला, तेथेच काय ते पिवळे डाग पडले.

तेव्हा टिकाऊपणासाठी कृष्णधवल निवडावे, हा विचार जुन्या रीतीपुरता अगदी खरा आहे. आजच्या यंत्रातील कृष्णधवलाला मात्र तो लागू नाही. तेथे रुपे नाही, सरस नाही. आहेत ते नुसते आकडे. यंत्र प्रथम रंगीतच टिपते आणि मग रंग टाकून देते. त्यामुळे रंगीत मूळ प्रत पुसून टाकून फक्त काळी-पांढरी ठेवणे म्हणजे हाती आलेली साक्ष आपणच फाडणे होय. दोन्ही ठेवाव्यात. शिवाय एक बारकावा सांगण्यासारखा आहे. रंग काढून टाकताना लाल, हिरवा व निळा यांपैकी कोणाला किती वजन द्यावयाचे, हे आज ठरविता येते. लालाचे वजन कमी केले की कुंकू पणजीच्या चित्रातल्यासारखे काळेभोर उमटते. ते वाढविले की कुंकू कपाळाच्या रंगात मिसळून दिसेनासे होते. ‘कृष्णधवल’ ही एकच निवड नाही, हे त्यावरून कळेल. सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे चित्र काढून कुंकूच हरविले, आणि दोष यंत्राला दिला, असे व्हावयास नको. आणि एक तरी प्रत चांगल्या कागदावर छापून घ्यावी. यंत्रातील चित्र कोणी चाळीत नाही.

जुन्या चित्रांना मोठा धोका पाण्याचा. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा यांच्या महापुराने निपाणी-चिकोडी भागातील कित्येक गावांत पाणी शिरले. अशा वेळी भिजलेला आल्बम उन्हात वाळवू नये. सरस चिकटून पाने एकजीव होतात. ओला असतानाच चित्रे हळूच सुटी करावीत, स्वच्छ गार पाण्यातून काढावीत आणि तोंड वर करून सावलीत पसरावीत. काळी-पांढरी चित्रे या उपायाने पुष्कळदा वाचतात.

दुसरा धोका विस्मृतीचा. चित्रामागील पुठ्ठ्यावर दुकानाचा छाप असतो, कधी तारीख असते, आणि पुष्कळदा मोडीत लिहिलेली दोन-चार नावे. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली. ती वाचणारे आता घरात कोणी नसते. मुले पुण्या-मुंबईस, काही परदेशी. येथे राहिलेल्यांची नातवंडे कानडी किंवा इंग्रजी शाळेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. त्या छापांवरील अक्षरे या साऱ्याच्या आधीची आहेत. कोणाचा वाद कोठे का असेना, कोणत्या सालच्या कोणत्या पौषात हे घर या गावी, या ओसरीवर, या चौदा माणसांचे होते, एवढे ते छाप निर्विवादपणे सांगतात. फ्रेम बदलताना हा पुठ्ठा टाकून देतात, तो टाकू नये. त्याचेही छायाचित्र घेऊन ठेवावे. मोडी जाणणारी माणसे बेळगावात, कोल्हापुरात अजून आहेत. त्यांच्याकडून नावे वाचून घ्यावीत. नवी नावे लिहावयाची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत; शाई पुढे उमटते. आणि लिहिताना डावीकडून आरंभ करावा, खांबाआडच्या माणसापासून.